शेजारी देशात अणुवीज प्रकल्प उभा राहतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीमेजवळ नवा अणुवीज प्रकल्प जाहीर झाला की पलीकडच्या लोकांच्या मनात बरेचसे सारखेच प्रश्न येतात. सतत येणाऱ्या अशा प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. अणुवीज हवी की नको, हा वाद इथे घातलेला नाही. एका देशाच्या निर्णयाची जोखीम दुसऱ्या देशातल्या माणसांवर येते, तेव्हा त्यांना काय कळायला हवे आणि काय विचारता येते, एवढाच या पानाचा विषय आहे.

१. प्रकल्प दुसऱ्या देशाच्या हद्दीत आहे. मग त्याची काळजी आपण का करायची?

मोठा अपघात झाला तर किरणोत्सारी द्रव्ये वाऱ्याबरोबर जातात आणि पावसाबरोबर खाली येतात. २६ एप्रिल १९८६ रोजी मध्यरात्रीनंतर तेव्हाच्या सोव्हिएत संघातील (आता युक्रेनमधील) चेर्नोबिल केंद्राची चौथी अणुभट्टी फुटली. बाहेरच्या जगाला हे सोव्हिएत सरकारने सांगितले नाही. २८ तारखेच्या सकाळी, सुमारे १,१०० किलोमीटर दूर असलेल्या स्वीडनमधील फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला. गळती आपल्याच केंद्रात झाली असावी, अशी शंका तिथे आधी आली. तपासण्या झाल्या, वाऱ्याची दिशा पाहिली गेली आणि बोट पूर्वेकडे वळले. त्या रात्री मॉस्कोने एक त्रोटक निवेदन दिले.

मधल्या दोन दिवसांत अनेक देशांतली माणसे नेहमीसारखी घराबाहेर वावरत होती, मुले दूध पीत होती. शेजाऱ्याची खरी भीती इथे आहे. अपघाताइतकीच, कधी त्याहून जास्त, भीती अपघात न कळण्याची असते.

२. सीमेपासून किती किलोमीटरवर प्रकल्प असला म्हणजे आपण सुरक्षित?

असा एक आकडा नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था (आयएईए) मोठ्या अणुभट्ट्यांसाठी साधारण चार वर्तुळे सुचवते. पहिले ३ ते ५ किलोमीटरचे. तिथून गंभीर अपघातात लगेच लोक हलवायचे. दुसरे १५ ते ३० किलोमीटरचे; तिथे घरात थांबणे, आयोडीनच्या गोळ्या, गरज पडल्यास स्थलांतर यांची तयारी आधीच असावी लागते. तिसरे सुमारे १०० किलोमीटरचे. तिथे अपघातानंतर जमिनीवरच्या किरणोत्सर्गाची मोजणी करून कुणाला हलवायचे ते ठरवायचे. चौथे सुमारे ३०० किलोमीटरचे. तिथे दूध, भाजीपाला, पिण्याचे पाणी यांवर लक्ष ठेवायचे.

म्हणजे प्रकल्पापासून ५० किलोमीटर दूर, सीमेपलीकडे असलेल्या शहरासाठीही नियोजन लागतेच, फक्त ते वेगळ्या प्रकारचे असते.

वर्तुळे कागदावर गोल असतात, जमिनीवर नसतात. जपानमधल्या फुकुशिमाच्या २०११च्या अपघातात २० किलोमीटरच्या आतल्या लोकांना हलवण्यात आले, पण वायव्येकडे सुमारे ४० किलोमीटरवरचे इताते हे गाव त्याच्या बाहेर होते. वारा तिकडे वळला, पाऊस आणि बर्फ पडला आणि ते गावही पुढे रिकामे करावे लागले. त्याच वेळी अमेरिकेने तिथल्या आपल्या नागरिकांना सुमारे ८० किलोमीटर दूर राहायला सांगितले होते. दोन सरकारांनी एकाच अपघातासाठी वेगवेगळी अंतरे सांगितली, तर सीमेवरच्या माणसाने कुणाचे ऐकायचे? हे अपघाताच्या दिवशी ठरवता येत नाही. दोन्ही देशांनी ते आधी बसून ठरवावे लागते.

३. अपघात नसतानाही प्रकल्पातून सीमेपलीकडे किरणोत्सर्ग येत राहतो का?

अगदी थोडा. सुरळीत चालणाऱ्या केंद्रातून ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप) आणि काही वायू ठरलेल्या मर्यादेत सोडले जातात. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा मिळते. केंद्रामुळे शेजाऱ्यांना मिळणारी मात्रा त्याच्या तुलनेत फार कमी असते. सामान्य नागरिकांसाठी अशा सर्व नियंत्रित स्रोतांची मिळून शिफारस केलेली मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. रोजच्या उत्सर्जनाची मोजमापे मागून घ्यावीत, पण चिंतेचा भर तिथे नको. नदी आणि समुद्राबद्दल प्रश्न १२ पाहा.

४. नव्या अणुभट्ट्या चेर्नोबिलसारख्या नाहीत. मग जुनी उदाहरणे देऊन भीती का घालायची?

पहिले वाक्य खरे आहे. चेर्नोबिलची आरबीएमके ही सोव्हिएत बनावटीची अणुभट्टी ग्राफाइट वापरणारी होती, काही परिस्थितींत तिची शक्ती आपोआप वाढत जाई आणि तिच्याभोवती पूर्ण सुरक्षा-कवच नव्हते. आज अनेक देशांत उभारली जाणारी रशियन बनावटीची व्हीव्हीईआर-१२०० ही अणुभट्टी पाहा: दुहेरी काँक्रीट कवच, वीज गेल्यावरही उष्णता काढून घेणारी यंत्रणा, आणि इंधन वितळलेच तर ते धरून ठेवणारे पात्र. हा फरक मोठा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पण आराखडा चांगला असला म्हणजे बांधकाम चांगले झालेच असे होत नाही. जागा योग्य आहे का, जोडकाम करणारे कुशल आहेत का, चूक झाली तर ती नोंदवली जाते का, नियामक संस्था सरकारपुढे काम थांबवू शकते का, हे आराखड्यात लिहिलेले नसते. फुकुशिमाच्या भट्ट्यांना कवच होते. तरी भूकंपाने बाहेरचा वीजपुरवठा तुटला, त्सुनामीने डिझेल जनित्रे बंद पाडली आणि तीन भट्ट्यांतले इंधन वितळले. तिथे चूक घडली ती समुद्राच्या लाटेची उंची कमी धरण्यात. शेजाऱ्याने प्रश्न विचारायचे ते अशा गोष्टींवर.

५. शेजारी देश प्रकल्प थांबवू शकतो का? त्याला नकाराधिकार आहे का?

नाही. आपल्या भूमीवर कोणती वीज तयार करायची हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो आणि अणुसुरक्षेची जबाबदारीही त्याच देशाची मानली जाते. शेजाऱ्याला मिळतो तो आधी कळण्याचा, माहिती मागण्याचा, मत मांडण्याचा आणि त्या मताचा खरोखर विचार होण्याचा हक्क. अनेकांना हे ऐकून निराशा वाटते. पण हा हक्क वेळेवर वापरला तर त्याने जागा, आराखडा आणि आपत्कालीन व्यवस्था बदलू शकतात. उशिरा वापरला तर हाती फक्त निषेधाचे पत्र उरते.

६. मग शेजाऱ्याला विचारायलाच हवे, असे कुठे लिहिले आहे?

मुख्यतः तीन ठिकाणी.

सर्वांत स्पष्ट आहे तो १९९१मध्ये फिनलंडमधील एस्पू येथे झालेला आणि १९९७मध्ये लागू झालेला करार. सीमेपलीकडे मोठा पर्यावरणीय परिणाम करू शकणाऱ्या प्रकल्पांची त्यात यादी आहे आणि अणुवीज केंद्रे त्या यादीत आहेत. प्रकल्प करणाऱ्या देशाने शेजाऱ्याला कळवायचे, पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची कागदपत्रे द्यायची, तिथल्या लोकांची मते घ्यायची आणि अंतिम निर्णयात त्यांचा विचार कसा केला ते सांगायचे. दुसऱ्या जागांचे पर्यायही मांडायचे.

दुसरा आहे १९९४चा अणुसुरक्षा करार. जागा ठरवताना, परिणाम होण्याची शक्यता असलेल्या जवळच्या सदस्य देशांशी सल्लामसलत करावी आणि त्यांनी मागितली तर आवश्यक माहिती द्यावी, असे त्याचे कलम १७ सांगते. मात्र या करारात दंड नाही. सदस्य देश ठराविक वर्षांनी अहवाल मांडतात, बाकीचे प्रश्न विचारतात.

तिसरा आधार न्यायालयाचा. उरुग्वे नदीकाठच्या कागद-लगदा कारखान्यांवरून अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यात खटला झाला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१०मध्ये सांगितले की, सीमेपलीकडे मोठ्या हानीची शक्यता असेल तर पर्यावरणीय मूल्यांकन करणे हे सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्यानेच बंधनकारक आहे. खटला अणुवीज केंद्राचा नव्हता, तरी तत्त्व तिथेही लागू पडते.

७. भारत आणि शेजारी देशांना एस्पू करार लागू होतो का?

नाही. हा करार मूळ युरोप आणि परिसरातील देशांचा. तो संयुक्त राष्ट्रांच्या इतर सदस्यांसाठीही खुला करणारी दुरुस्ती झाली आहे, पण दक्षिण आशियातले देश त्यात नाहीत. बांगलादेशात पद्माकाठी रूपपूर येथे दोन व्हीव्हीईआर-१२०० भट्ट्यांचा प्रकल्प आहे. भारत आणि बांगलादेश यांच्यात २०१७मध्ये नागरी अणुसहकार्याचे करार झाले. भारत आणि श्रीलंका यांच्यातही २०१५मध्ये असा करार झाला. म्हणजे दोन सरकारे आणि दोन नियामक संस्था बोलतात, पण सीमेपलीकडच्या नागरिकाला कागद पाहून आक्षेप नोंदवण्याची ठरलेली वाट नाही. माझ्या मते ही उणीव मोठी आहे आणि ती भरून काढायला अपघाताची वाट पाहू नये.

८. अस्त्रवेत्स प्रकल्पाचे उदाहरण सगळीकडे दिले जाते. तिथे नेमके काय झाले?

बेलारूसमधील अस्त्रवेत्स येथे रशियाच्या रोसाटोम या सरकारी अणुऊर्जा कंपनीने दोन व्हीव्हीईआर-१२०० भट्ट्या उभारल्या. लिथुआनियाची सीमा तिथून सुमारे २० किलोमीटर आणि त्या देशाची राजधानी विल्नियस सुमारे ५० किलोमीटर. प्रकल्पाला थंड करणारे पाणी ज्या नदीतून घेतले जाते, ती नेरिस नदी पुढे विल्नियसमधूनच वाहते. ज्या देशाला चेर्नोबिलची झळ फार मोठी बसली तोच हा बेलारूस, हेही लक्षात ठेवायला हवे. किरणोत्सर्ग म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

लिथुआनियाचा मूळ प्रश्न साधा होता: इतर जागा उपलब्ध असताना हीच का? समाधानकारक उत्तर मिळाले नाही म्हणून तिने २०११मध्ये एस्पू कराराच्या समितीकडे तक्रार केली. बांधकाम २०१३मध्ये सुरू झाले. जुलै २०१६मध्ये पहिल्या भट्टीचे पोलादी पात्र हलवताना ते निसटले. बातमी आधी स्थानिक पातळीवर फुटली, अधिकृत दुजोरा नंतर आला. पात्राला इजा झालेली नाही, असे बांधणाऱ्यांचे म्हणणे होते. तरी बेलारूसने ते बदलून मागितले आणि बदलले गेले. ही गोष्ट बेलारूसच्या बाजूची म्हणूनच सांगायला हवी. पण शेजाऱ्याला हे वर्तमानपत्रातून कळावे, यानेच विश्वास तुटतो.

२०१७मध्ये लिथुआनियाच्या संसदेने कायदा करून हा प्रकल्प असुरक्षित आणि राष्ट्रीय सुरक्षेला धोका असल्याचे जाहीर केले. २०१८मध्ये युरोपीय नियामकांच्या तज्ज्ञांनी बेलारूसच्या ताण-चाचण्यांचा (टोकाच्या संकटात केंद्र टिकेल का, या तपासणीचा) आढावा घेतला, काही बाबी चांगल्या ठरवल्या आणि सुधारणाही सुचवल्या. फेब्रुवारी २०१९मध्ये एस्पू कराराच्या सदस्य देशांनी निर्णय दिला: जागेची निवड आणि पर्याय यांबाबत बेलारूसने कराराचे पालन केले नाही. निर्णय लिथुआनियाच्या बाजूने लागला, पण तोवर भट्ट्या उभ्या होत्या. नोव्हेंबर २०२०मध्ये पहिली भट्टी वीजजाळ्याला जोडली गेली, २०२३मध्ये दुसरी.

या सगळ्यातून मी एकच गोष्ट घेतो. जागेचा प्रश्न जागा ठरण्याआधी विचारावा लागतो. बांधकाम सुरू झाल्यावर जागेवरून जिंकलेला वाद जागा बदलत नाही.

९. “तुमची वीज आम्ही घेणार नाही” असे म्हटल्याने सुरक्षितता वाढते का?

थेट नाही. अस्त्रवेत्सची वीज जाळ्यात आली त्याच दिवशी लिथुआनियाने बेलारूसकडून वीज घेणे थांबवले. त्याने प्रकल्पाचा आर्थिक हिशेब बदलतो, राजकीय संदेश जातो. भट्टीतली एकही झडप त्यामुळे अधिक चांगली होत नाही.

१०. आयएईएच्या तज्ज्ञांनी प्रकल्प पाहिला. म्हणजे तो सुरक्षित ठरला का?

तसे समजू नका. आयएईए सुरक्षेची मानके लिहिते, देशाने बोलावले तर तज्ज्ञ पथके पाठवते आणि शिफारशी करते. ती परवाना देत नाही, प्रकल्प बंदही करू शकत नाही. परवाना त्या देशाचा नियामक देतो. पथक काय पाहायला आले होते हेही महत्त्वाचे: कुठले पथक जागेचा अभ्यास तपासते, कुठले नियामक संस्थेची घडण, कुठले चालू केंद्राचे कामकाज. “आयएईएने मान्यता दिली” असे वाक्य दिसले की दोन गोष्टी मागा: पथकाचा पूर्ण अहवाल, आणि त्यातल्या शिफारशींचे पुढे काय झाले ते.

११. अपघात झाला तर शेजाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे का? आणि कळवलेच नाही तर?

बंधनकारक आहे. चेर्नोबिलनंतर अवघ्या पाच महिन्यांत, सप्टेंबर १९८६मध्ये, दोन करार झाले: अणुअपघाताची सूचना तातडीने देण्याचा आणि परस्पर मदतीचा. पहिल्या करारानुसार काय घडले, केव्हा, नेमके कुठे, हे परिणाम होऊ शकणाऱ्या देशांना थेट किंवा आयएईएमार्फत कळवावे लागते.

अडचण अशी की, सीमेपलीकडे परिणाम होईल की नाही याचा पहिला अंदाज अपघात झालेल्या देशानेच बांधायचा असतो. २०१७च्या शरद ऋतूत युरोपभर हवेत रुथेनियम-१०६ हे किरणोत्सारी द्रव्य सापडले. मात्रा आरोग्याला धोका नसण्याइतकी कमी होती. मोजमापांवरून शास्त्रज्ञांनी बोट उरल पर्वताच्या दक्षिण भागाकडे दाखवले, पण तिथे अपघात झाल्याचे रशियाने मान्य केले नाही.

म्हणून करारावर विसंबून न राहता स्वतःची मोजणी यंत्रणा ठेवावी. युरोपीय देशांची मोजमापे एका सामाईक नकाशावर सर्वांना पाहता येतात. सीमेलगत दोन्ही बाजूंना मोजणी केंद्रे आणि त्यांचे आकडे लोकांसाठी खुले, एवढी एक गोष्ट मिळाली तरी अफवा आणि लपवाछपवी दोन्ही पुष्कळ कमी होतात.

१२. नदी किंवा समुद्र सामाईक असेल तर?

दोन वेगळे प्रश्न असतात, ते मिसळू नका. एक, पाणी किती कमी होईल आणि किती तापेल. हे रोजचे आहे आणि उन्हाळ्यात महत्त्वाचे ठरते. दोन, पाण्यात काय सोडले जाईल. फुकुशिमातील प्रक्रिया केलेले, ट्रिटियम असलेले पाणी जपानने ऑगस्ट २०२३पासून समुद्रात सोडायला सुरुवात केली. माणसांवर आणि पर्यावरणावर होणारा परिणाम नगण्य असेल, असे आयएईएने आधी म्हटले होते. तरी चीनने त्याच दिवशी जपानी सागरी उत्पादनांची आयात थांबवली. शेजाऱ्यांचा मोजणीत स्वतःचा हात असेल तर असे वाद लवकर निवळतात.

१३. आयोडीनच्या गोळ्या घरात ठेवाव्यात का?

तुमच्या देशाच्या आरोग्य यंत्रणेने सांगितले असेल तर ठेवा, आणि घेण्याची सूचना मिळाल्यावरच घ्या. पोटॅशियम आयोडाइड थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने भरून टाकते, त्यामुळे किरणोत्सारी आयोडीन-१३१ तिथे साठत नाही. गोळी संपर्काच्या थोडे आधी किंवा पहिल्या काही तासांत घेतली तरच तिचा खरा उपयोग. सर्वांत जास्त गरज लहान मुले, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया यांना. चाळिशीपुढे फायदा कमी होतो. सीझियम-१३७ या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्यावर किंवा बाहेरून येणाऱ्या किरणांवर ही गोळी काहीही करत नाही.

चेर्नोबिलनंतर पोलंडने एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीन दिले. २०१७मध्ये जर्मनीतील आखेन शहरात सीमेपलीकडच्या बेल्जियमच्या तिहांज केंद्राच्या धास्तीने गोळ्या वाटल्या गेल्या, २०२०मध्ये लिथुआनियाने अस्त्रवेत्समुळे वाटल्या. पण “घ्या” हा निरोप वेळेत पोहोचायचा तर प्रश्न ११मधली सूचना देण्याची साखळी चालायला हवी.

१४. नुकसान झाले तर भरपाई कोण देणार?

अणुदायित्वाचे १९६०चा पॅरिस आणि १९६३चा व्हिएन्ना हे दोन जुने करार आहेत. चूक सिद्ध न करताही जबाबदारी प्रकल्प चालवणाऱ्यावर येते, हे त्यांतले चांगले. पण रकमेला आणि मुदतीला मर्यादा असू शकते, आणि दावा सहसा अपघात झालेल्या देशाच्याच न्यायालयात करावा लागतो. तुमचा देश आणि प्रकल्पाचा देश एकाच व्यवस्थेत नसतील तर वाट आणखी अवघड.

सोव्हिएत संघ यांपैकी कशातच नव्हता. चेर्नोबिलच्या नुकसानीबद्दल त्याने परदेशांना भरपाई दिली नाही. पश्चिम युरोपातल्या सरकारांनी आपापल्या शेतकऱ्यांना स्वतःच्या तिजोरीतून पैसे दिले. ब्रिटनमध्ये, दोन हजार किलोमीटरहून दूर, काही डोंगराळ भागांतल्या मेंढ्यांवरचे निर्बंध २०१२पर्यंत टिकले. प्रकल्प जाहीर होताच “तुम्ही कोणत्या दायित्व करारात आहात?” हा प्रश्न लेखी विचारून ठेवावा.

१५. आक्षेप घेणारा देश स्वतःच अणुवीज वापरत असेल, तर त्याला बोलण्याचा अधिकार आहे का?

आहे. एखाद्या जागेविषयीचा प्रश्न विचारणाऱ्याच्या इतिहासाने खोटा ठरत नाही. लिथुआनियाकडे इग्नालिना येथे आरबीएमके भट्ट्या होत्या. युरोपीय संघात जाताना दिलेल्या वचनानुसार तिने २००४ आणि २००९च्या अखेरीस त्या बंद केल्या. उलट ऑस्ट्रियाने १९७८च्या सार्वमतात अगदी थोड्या फरकाने अणुवीज नाकारली आणि बांधून तयार असलेले झ्वेंटेनडॉर्फ केंद्र कधी सुरूच केले नाही.

त्याच ऑस्ट्रियाचा चेकियाच्या तेमेलिन केंद्रावरून वाद सीमेवरच्या रस्ता-रोकोपर्यंत गेला होता. २००० साली मेल्क येथे दोन्ही देश बसले आणि माहिती देण्याची, सुरक्षेवर तज्ज्ञांनी बोलण्याची व्यवस्था ठरली. ऑस्ट्रियाचा विरोध संपला नाही, केंद्रही चालू राहिले. पण दोघे बोलत राहिले, आणि सीमेवरच्या लोकांच्या दृष्टीने ते मोलाचे आहे.

१६. जुन्याच केंद्राचे आयुष्य वाढवले तर शेजाऱ्याला विचारावे लागते का?

युरोपीय संघात, मोठी कामे करून आयुष्य वाढवले जात असेल तर हो. बेल्जियमने दूल केंद्राच्या दोन जुन्या भट्ट्यांना दहा वर्षे वाढवून दिली. हे केंद्र नेदरलँड्सच्या सीमेजवळ आहे. पर्यावरणीय मूल्यांकन, तेही सीमेपलीकडचे, आधी करायला हवे होते, असे युरोपीय न्यायालयाने २०१९मध्ये सांगितले. केवळ नेहमीची देखभाल मात्र यात येत नाही.

१७. युद्ध पेटले तर हे सगळे करार कागदावरच राहतात ना?

बऱ्याच अंशी कमकुवत होतात. युक्रेनचे सहा भट्ट्यांचे झापोरिझ्झिया केंद्र मार्च २०२२मध्ये रशियन सैन्याने ताब्यात घेतले. सप्टेंबर २०२२पासून आयएईएचे तज्ज्ञ तिथे राहून माहिती देत आहेत, पण बाहेरून येणारी वीज अनेकदा तुटली आणि जून २०२३मध्ये काखोव्का धरण फुटल्यावर थंडाव्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पुरवणीत अणुवीज केंद्रांना संरक्षण आहे, पण त्याला अपवादही आहेत.

दक्षिण आशियात एक चांगला पायंडा आहे. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत आणि पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. १९९२पासून दरवर्षी १ जानेवारीला दोघे केंद्रांच्या याद्या एकमेकांना देत आले आहेत, संबंध ताणलेले असतानाही.

१८. मी पलीकडच्या देशाचा नागरिक आहे. त्यांच्या जनसुनावणीत मला बोलता येईल का?

दोन्ही देश एस्पू करारात असतील तर हो. तुम्हाला तिथल्या नागरिकाच्या बरोबरीची संधी मिळायला हवी. पर्यावरणाबाबत नागरिकांना माहिती आणि सहभाग देणाऱ्या १९९८च्या आऱ्हुस करारातही नागरिकत्वावरून भेद करायला मनाई आहे. कागदपत्रे तुम्हाला समजणाऱ्या भाषेत नसतील, तर तोच पहिला आक्षेप म्हणून नोंदवा.

लिहिताना “आम्हाला प्रकल्प नको” एवढ्यावर थांबू नका. त्याला एका ओळीत उत्तर मिळते. इतर कोणत्या जागा तपासल्या आणि का नाकारल्या? भूकंप आणि पूर यांचे कोणते अंदाज धरले? बाहेरची वीज पूर्ण गेली तर किती काळ थंडावा टिकेल? सर्वांत वाईट अपघातात आमच्या गावापर्यंत काय येईल, याचे गणित कोणत्या वाऱ्यावर केले? वापरलेले इंधन कुठे ठेवणार आणि किती वर्षे? आमच्या जिल्ह्याला सूचना कोण देईल, किती मिनिटांत?

आक्षेप मुदतीत, लेखी आणि पोच घेऊन द्या. त्याची एक प्रत तुमच्या स्वतःच्या देशाच्या पर्यावरण मंत्रालयाला आणि अणुसुरक्षा नियामकाला पाठवा, कारण औपचारिक सल्लामसलतीत समोरच्या सरकारला उत्तर मागण्याचा अधिकार त्यांच्याकडे असतो.